संध्याकाळी सातला नेट अडकतं, स्पीड टेस्ट मात्र पूर्ण दाखवते

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या ताईची अभ्यासिका आहे. वरच्या मजल्यावर ४२ खुर्च्या, खाली घर, आणि मागच्या खोलीत भाऊजींचं लग्नाच्या व्हिडिओंचं काम. या सगळ्यांना मिळून फायबरची एकच लाइन, डाउनलोड १०० एमबीपीएस आणि अपलोड ५०. दोन वर्षं एकच तक्रार फिरून फिरून यायची. ती कशामुळे होती, कशी गेली आणि गेल्यावरही अधूनमधून का परत येते, हे सगळं इथे लिहितोय. अभ्यासिका असो, वसतिगृह असो की सहा-सात जणांचं घर, एका लाइनवर बरेच जण बसले की हेच होतं.

नेमकं काय व्हायचं

सातच्या सुमारास ऑनलाइन सराव परीक्षेत उत्तर सबमिट केलं की चकरी फिरत राहायची. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायचा. एखादी वेबसाइट उघडायला पाच-सहा सेकंद लागायचे, पण उघडायला लागली की झपकन उघडायची. रेकॉर्ड केलेलं लेक्चर सुरू व्हायला वेळ घ्यायचं, एकदा सुरू झालं की नीट चालायचं. त्याच वेळी स्पीड टेस्ट लावली तर आकडा नव्वदच्या पुढे. राउटर बंद करून चालू केला की दहा मिनिटं सगळं छान, मग पुन्हा तेच.

ताई मला म्हणाली होती, "अरे, ही मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं इथे बसतात. पेपर सोडवून झाला आणि सबमिट होताना अडकला की त्यांचा धीर सुटतो रे. काहीतरी कर." मी हात घातला तो यामुळे.

नेटवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. लाइन तपासली, सिग्नल बरोबर आहे म्हणाला. "दादा, युजर जास्त झालेत. दोनशेचा प्लॅन घ्या." घेतला. महिनाभर एकही तक्रार आली नाही, आणि आम्ही समजलो की प्रश्न मिटला. मग तुळशीचं लग्न झालं आणि तक्रारी पुन्हा सुरू झाल्या.

ताई तक्रारींची वही ठेवते, तारीख-वेळेसकट. ती वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की तक्रारीच्या तारखा लग्नाच्या मुहूर्तांनंतर दोन-तीन दिवसांनी पडतात. भाऊजी दिवसभर व्हिडिओ छाटतात आणि संध्याकाळी साडेसहा-सातला अल्बमवाल्याकडे आणि ग्राहकाकडे पाठवायला लावून जेवायला बसतात. एका लग्नाचे ४० जीबी. प्लॅन वाढवला तो महिना चातुर्मासातला होता, लग्नंच नव्हती. नवा प्लॅन चालला असं वाटलं ते एवढ्यामुळेच. तो सोडून आम्ही परत शंभरवर आलो.

खात्री कशी करायची

अंदाजावर काही बदलू नका. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद ठेवा. एका खिडकीत एखाद्या जवळच्या सर्व्हरला सतत पिंग (निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा आणि सगळे शांत असताना आकडा टिपून घ्या. आमच्याकडे तो ८ मिलिसेकंद होता. आता मोठी फाइल डाउनलोडला लावा आणि पिंग बघा. मग ती थांबवून मोठी फाइल अपलोडला लावा आणि परत बघा.

आमच्याकडे डाउनलोड भरल्यावर पिंग ९० च्या आसपास गेला. अपलोड भरल्यावर ६०० च्या वर. पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवत नव्हती, फक्त उशिरा पोहोचत होती. हाच पुरावा. रिकाम्या लाइनवर पिंग चांगला आणि भरलेल्या लाइनवर शेकड्यांत गेला तर तुमचाही प्रश्न हाच आहे, आणि प्लॅन वाढवून तो जाणार नाही.

जरा गणित मांडू. ५० एमबीपीएसच्या लाइनवर ०.६ सेकंदाचा उशीर म्हणजे ३० मेगाबिट, म्हणजेच पावणेचार एमबी माल नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यात रांगेत उभा आहे. १,५०० बाइटचं एक पॅकेट धरलं तर २,५०० पॅकेटं. एखाद्या मुलीने सबमिट दाबलं की तिचं इवलंसं पॅकेट या अडीच हजारांच्या मागे उभं राहतं. वेबसाइट उघडायला नावाचा पत्ता शोधणं, जोडणी करणं, सुरक्षेची देवाणघेवाण, मग पान मागणं अशा चार-पाच फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीला ०.६ सेकंद, म्हणून एकूण अडीच-तीन सेकंद पान दिसायच्या आधीच गेले. डाउनलोडलाही याचा फटका बसतो, कारण 'मिळालं' ही पोचपावती अपलोडच्याच वाटेने जाते.

राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटायचं हेही यावरून कळतं. भाऊजींचं अपलोड तुटायचं, रांग रिकामी व्हायची. त्यांचं सॉफ्टवेअर थोड्या वेळाने परत जोडून घ्यायचं आणि रांग पुन्हा भरायची.

एवढी रांग साचते कशी

फाइल पाठवणारं मशीन वाटेची क्षमता आधीपासून जाणत नाही. ते पाठवण्याचा वेग वाढवत जातं आणि पॅकेट हरवलं की समजतं, आता वाट भरली, मग हात आखडतं. ही शिस्त टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर माल पाठवण्याच्या नियमांत, आली ती १९८६ च्या अनुभवानंतर. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारच्या बर्कले विद्यापीठामधल्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला होता. त्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी त्यावर शोधलेला उपाय १९८८ मध्ये मांडला आणि आजचं इंटरनेट त्या उपायावर उभं आहे.

पण त्या शिस्तीला वेळेवर इशारा लागतो. मेमरी स्वस्त झाली तसे राउटर आणि मोडेम बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायच्या जागा, घातले, एकही पॅकेट हरवू नये म्हणून. हेतू चांगला होता. झालं असं की पॅकेट हरवतच नाही, म्हणून पाठवणाऱ्याला इशारा मिळत नाही, आणि तो बफर काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहतो. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्या घरच्या लाइनवर हे सापडलं आणि त्यांनी याला बफरब्लोट नाव दिलं.

पाणी कुणाला किती

रांग लहान करणं हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा वाटणीचा आहे, आणि तो समजायला मला मामाच्या शेतावरचं उदाहरण जवळचं वाटतं. मामाचं गाव बागलाणात, मोसम नदीकाठी. तिकडे बंधाऱ्याचं पाणी फड पद्धतीने वाटलं जातं. पाटकरी नावाचा माणूस गावाने नेमलेला असतो आणि पाटाचं पाणी कुठे वळवायचं हे तो बघतो. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. पाटकरी नसेल तर काय होतं हे कालव्यावरच्या कुणालाही विचारा. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला, शेतकरी मोठी मोटर लावतो आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या, शेतात ओल पोहोचत नाही. कालव्यात पाणी वाढवून सोडलं तरी हेडवाला आणखी एक मोटर लावतो. आमच्या दोनशेच्या प्लॅनचं हेच झालं होतं.

इंटरनेटवर टीसीपी वाटणी करतं ती जोडणीमागे एक हिस्सा अशी, माणसामागे नाही. एखाद्याने १६ जोडण्या उघडणारा डाउनलोड मॅनेजर लावला आणि शेजारच्याची एकच जोडणी असली, तर १७ हिश्श्यांतले १६ पहिल्याला. त्यातही ज्याचा सर्व्हर मुंबईत आहे तो दूरच्या सर्व्हरवाल्यापेक्षा लवकर वेग पकडतो. यात कुणी लबाडी करत नाही, तरी टेलचा कोरडाच राहतो.

प्रत्येकाची रांग वेगळी ठेवावी आणि राउटरने आळीपाळीने प्रत्येक रांगेतून एक-एक पॅकेट घ्यावं, ही कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये मांडली होती. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी तिला नीट गणिती रूप दिलं. पॅकेट लहान-मोठी असतात म्हणून पॅकेटं न मोजता बाइट मोजायचे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत आणली. त्यात रांगेची लांबी बघत नाहीत, पॅकेट किती वेळ उभं राहिलं ते बघतात. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकाही पॅकेटची वाट बघण्याची वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर एक पॅकेट टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला हवा असलेला इशारा तो हाच. या दोन्ही गोष्टी जोडून एफक्यू-कोडेल झालं, आणि त्यात माणसामागे वाटणीची सोय घालून केक नावाची पद्धत. केक २०१८ पासून लिनक्स प्रणालीच्या मूळ गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आहे.

या वाटणीत मला सर्वात पटलेली गोष्ट म्हणजे इथे 'सगळ्यांना सारखं' असा आंधळा हिशेब नाही. ज्याची गरज कमी त्याला ती पूर्ण मिळते, आणि उरलेलं बाकीच्यांत सारखं वाटलं जातं. समजा ९० एमबीपीएस आहे आणि चार मशीन चालू आहेत. एकाला कॉलसाठी २ हवेत, एकाला लेक्चरसाठी ८, आणि दोघांना मिळेल तितकं. मग वाटणी २, ८, ४०, ४० अशी होते. कॉलवाल्याचं थोडं पाणी आधी सोडलं म्हणून मोठ्या शेतवाल्यांचं काहीच बिघडत नाही.

आधी केलेले आणि फसलेले उपाय

प्रत्येक मोबाइलला २ एमबीपीएसची मर्यादा घातली होती. सकाळी अकराला पाच मुलं बसलेली असतानाही त्यांना दोनच मिळायचे आणि लाइन रिकामी पडून राहायची. आणि भाऊजींचा कॉम्प्युटर त्या मर्यादेत नव्हता, त्यामुळे रांग तशीच राहिली. नंतर जुन्या राउटरमधलं 'व्हिडिओला प्राधान्य, डाउनलोडला कमी' हे लावून पाहिलं. आजकाल बहुतेक रहदारी कुलूपबंद असते, आत काय आहे हे राउटरला कळत नाही, त्यामुळे तो अंदाज करत बसतो. त्या उपायात वेळ घालवू नका.

चाललेला उपाय

राउटर बदलायच्या आधी आजच्या आज एक गोष्ट करता येते. मोठं अपलोड ज्या सॉफ्टवेअरमधून जातं त्यात वेगमर्यादा असेल तर ती लाइनच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवा. आमच्याकडे ५० पैकी ३५ ठेवल्यावर त्याच संध्याकाळी निम्मा त्रास गेला. ज्याचं घर लहान आहे त्याचं काम एवढ्यावरही भागेल.

पक्क्या उपायासाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली प्रणाली) चालणारा राउटर लागतो. तो आणि नेटवाल्याचा फायबरचा डबा केबलने जोडायचा, आणि घरातली सगळी मशीनं, वायफायसकट, या राउटरच्या मागे घ्यायची. एकही मशीन थेट डब्याच्या वायफायवर राहिलं तर पाटकऱ्याच्या मागून चोरवाट राहिली म्हणून समजा. डब्याचं वायफाय बंद करा.

मग एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सोयीचं, पॅकेज टाका. नेटवर्कच्या मेनूत त्याचं पान येतं. वॅनचा, म्हणजे नेटवाल्याकडे जाणारा, इंटरफेस निवडा, रांगेचा प्रकार केक, स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. वेग किलोबिटमध्ये भरायचे असतात. आम्ही डाउनलोडला ९०,००० आणि अपलोडला ४५,००० भरले, म्हणजे प्लॅनच्या ९० टक्के. पैसे शंभरचे भरून नव्वद का वापरायचे, हे ताईनेही विचारलं होतं. रांग नेहमी सर्वात अरुंद जागी साचते. ती जागा नेटवाल्याच्या डब्यात असेल तर तिथे आपलं काही चालत नाही. आपला राउटरच सर्वात अरुंद केला की रांग आपल्याकडे येते आणि तिची वाटणी आपल्या हातात राहते. त्या दहा टक्क्यांत हे विकत घेतलेलं आहे, आणि मला तरी हा सौदा फार स्वस्त वाटतो.

माणसामागे वाटणी हवी तर प्रगत पर्यायांत दोन ओळी भराव्या लागतात. त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. डाउनलोडच्या बाजूला 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट', अपलोडच्या बाजूला 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट'. यातला नॅट हा शब्द विसरू नका. पॅकेट बाहेर पडताना त्यावर राउटरचाच पत्ता चढलेला असतो, त्यामुळे हा शब्द नसेल तर केकला आतली ४२ माणसं एकच माणूस वाटतात. लिंक लेयरच्या पानावर इथरनेट निवडलं आणि दर पॅकेटमागच्या जादा बाइटसाठी ४४ ही सुरक्षित बाजूची किंमत ठेवली.

त्याच संध्याकाळी भाऊजींना मुद्दाम अपलोड लावायला सांगितलं आणि पिंग बघत बसलो. १४. पुन्हा बघितलं, १३, १५, १४. वर अभ्यासिकेत गेलो तर कुणाला काही जाणवलंही नव्हतं. भाऊजींचे ४० जीबी आधी पावणेदोन तासांत जायचे, आता दोन तास लागतात. जास्तीची दहा-बारा मिनिटं त्यांनी आनंदाने मान्य केली.

आणि तरी परत येतं तेव्हा

पुढच्या वर्षभरात तक्रार चारदा परतली, आणि चारही वेळा कारण वेगळं होतं.

पहिल्यांदा भाच्याने सेटिंग चाळताना 'फ्लो ऑफलोडिंग' चालू केलं, वेग वाढेल म्हणून. त्याने रहदारी जवळच्या वाटेने सरळ पुढे जाते आणि एसक्यूएमला वळसा पडतो. ते बंद ठेवायचं.

दुसऱ्यांदा राउटरचं सॉफ्टवेअर नवं टाकलं आणि जुनी सेटिंग गेली. वेगाचे आकडे मी भरले, नॅटची ओळ राहिली. लक्षण फसवं होतं, कारण पिंग चांगला होता, पण टोरंट (एकाच वेळी पुष्कळ जोडण्या उघडणारं डाउनलोड) लावलेल्या एका मुलापुढे बाकीचे मंदावत होते. पिंग चांगला आणि वाटणी बिघडलेली असेल तर आधी ही ओळ बघा. इथेच आयपीव्ही६ या इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीचंही ध्यानात घ्या. त्यात एका मोबाइलला एकाच वेळी दोन-तीन पत्ते असू शकतात आणि केक पत्ता म्हणजे माणूस समजतो, म्हणून वाटणी तिथे थोडी सैल पडते.

तिसऱ्यांदा दोष वायफायचा निघाला. केबलवर सगळं ठीक, कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर मात्र तुटक. राउटरला स्वतःलाच वायफायवरून पिंग लावा. तोच उड्या मारत असेल तर लाइनला बोल लावू नका. लांब बसलेला जुना मोबाइल कमी वेगाने बोलतो आणि हवेतला वेळ जास्त खातो, त्यामुळे जवळच्यांनाही थांबावं लागतं. कोपऱ्यात केबल ओढून वायफायचा दुसरा डबा (ॲक्सेस पॉइंट) बसवल्यावर ते गेलं.

चौथं कारण ओळखायला मला सर्वाधिक वेळ लागला, आणि तेच तुम्हाला भेटण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. रात्री आठ ते दहा नेटवाल्याकडेच गर्दी असते आणि आमची लाइन शंभरवरून साठ-पासष्टवर यायची. आमचा राउटर मात्र नव्वदवर थांबलेला. म्हणजे सर्वात अरुंद जागा पुन्हा बाहेर गेली, रांग तिथे साचली आणि आपला पाटकरी कोरड्या पाटावर उभा राहिला. यासाठी एसक्यूएम थोडा वेळ बंद करून सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला स्पीड टेस्ट घ्या, आठवडाभर, आणि आकडे लिहा. रात्रीचा आकडा फार खाली नसेल तर तोच धरून त्याच्या ९० टक्के ठेवा. फार खाली असेल तर वेळेनुसार वेग बदलण्याची सोय राउटरच्या वेळापत्रकात करता येते. आम्ही साडेसातला डाउनलोड ५५,००० वर आणतो आणि साडेदहाला परत ९०,००० वर नेतो. पिंग बघून वेग आपोआप कमी-जास्त करणारी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्टही आहे. ज्यांची लाइन तासातासाला बदलते त्यांनी ती लावावी.

राउटरच्या प्रोसेसरचीही एक मर्यादा असते. एसक्यूएमचं काम प्रोसेसर करतो, आणि स्वस्त राउटर शे-दीडशे एमबीपीएसच्या पुढे दमतो. प्लॅन वाढवल्यावर वेग एका आकड्याला अडकून बसला आणि राउटरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर दिसला, तर राउटर मोठा घ्या किंवा वेग राउटरला झेपेल तितकाच भरा.

आमच्या राउटरवर ताईने कागद चिकटवलाय. त्यावर चार ओळी आहेत: ऑफलोडिंग बंद, ९०,००० आणि ४५,०००, नॅटच्या दोन ओळी, आणि रात्रीचे ५५,०००. तक्रार आली की ती आधी त्या कागदाशी सेटिंग ताडून बघते, मग पिंग लावते, आणि त्यानंतरच मला फोन करते.